पाव इंच जादा

दादा,

वहिनीनं तुझ्या फोटोखाली ते लाल विमान ठेवलंय. बसायला येणारा माणूस आधी फोटोला हात जोडतो, मग पाठीमागं हात बांधून विमान न्याहाळतो, आणि शेवटी न राहवून त्याच्या नाकावरचा पंखा बोटानं फिरवून बघतो. "हातानं केलंय काय हो?" "व्हय की, सगळं ह्यांनीच," वहिनी सांगते आणि पदर डोळ्याला लावते. मी भिंतीला टेकून बसलेली असते. सगळं म्हणजे काय काय, ते मी विचारत नाही. त्या विमानाचा पंखा तुझ्या हातचा आहे, मोटर विकतची आहे. माझ्या हातची मोटर ज्यात होती ते विमान या घरात नाही. त्याची गोष्ट तू तुझ्या सोयीनं सांगत राहिलास आणि लोकांनी ती तशीच पाठ केली. खरी कशी होती ते जाणणारी आता मी एकटीच उरले.

मी रडले नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलंय. बायका आतल्या खोलीत बोलतात, पण मला ऐकू यावं अशा बेतानं बोलतात. "सख्खा भाऊ गेला आणि डोळ्यात टिपूस न्हाय. काळीज हाय का न्हाय हिला?" बोलू देत. मी सासरहून, मुरगूडहून, रडायला आलेलेच नाही. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू बसल्या खुर्चीत गेलास, हातात चहाचा कप असताना. तुझं नेहमीचंच ते. अंगावर आलं की चहा पुढं करायचा.

भांडण तरी केवढंसं होतं? तुझ्या तोंडून मला एक वाक्य ऐकायचं होतं, तेही अण्णांच्या कानावर पडावं म्हणून. 'मोटर सुमीच्या वायंडिंगमुळं जळली न्हाय, माझ्या पंख्यामुळं जळली.' झालं. एवढं बोलायला तुझी जीभ झिजणार होती काय? जगभराच्या गप्पा मारायचास, रिक्षावाल्याला थांबवून अर्धा अर्धा तास विमानं समजावून सांगायचास. तेवढं एक वाक्य मात्र कायम घशात अडकलं.

अण्णांच्या राजारामपुरीतल्या दुकानात पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी, जे जळेल ते यायचं. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, म्हणजेच वायंडिंग करायचं, वार्निश पाजायचं, की मोटर पुन्हा उभी. तुला तिथं बसवत नव्हतं. "ह्या तारंत माझा जीव गुदमरतोय," म्हणालास आणि शिरोलीला पॅटर्नच्या कामाला लागलास. फौंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना लागतो, तो कोरायचा. ते काम तुझ्या हाताला असं काही बसलं की थोड्याच वर्षांत तुझं स्वतःचं शेड झालं. तुझ्या रिकाम्या जागेवर मी बसले. अण्णा आधी तयार नव्हते. "पोरीच्या जातीनं दुकानात मोटर मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे लोक तोंडात शेण घालतील," म्हणाले. तेव्हा तूच मध्ये पडलास. "बसू द्या की तिला, अण्णा. माझ्यापेक्षा तिचा हात सरळ चालतोय." हे मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर तुझा राग राग करणं मला पुष्कळ सोपं गेलं असतं.

विमानाचं खूळ तुझंच. कुठल्याशा मैदानावर कुणाचं तरी तेलावर चालणारं छोटं विमान बघून आलास आणि जेवताना ताटावरच हातवारे सुरू केलेस. तेलाचं इंजिन आपल्याला कोण देणार होतं? मग म्हणालास, "सुमे, आपल्याकडं मोटरी काय कमी हायत?" पहिलं थर्माकोलचं विमान तू केलंस, मी त्यात खेळण्यातल्या गाडीची मोटर बसवली. ते माळावर टुणटुण पळालं आणि घाणेरीच्या झुडपात शिरलं. "हे विमान न्हाय, उंदीर हाय," असं म्हणून तू मातीतच बसकण मारलीस. मीही बसले. इतकं हसलो की पाणी आलं डोळ्यांतनं. दादा, त्या दिवसाचं आठवून मात्र मला परवा बाथरूममध्ये भडभडून आलं. नळ सोडला आणि तोंड धुतलं.

मग शिकलो. तू पाडून शिकलास, मी जाळून शिकले. मोटर, बॅटरी आणि पंखा, या तिघांचं एकमेकांशी जमावं लागतं. मुरगूडला गिऱ्हाइकांना मी आजही बैलाचं उदाहरण देते. मोटर म्हणजे बैल, बॅटरी म्हणजे वैरण, पंखा म्हणजे नांगर. नांगर बैलाला झेपेनासा झाला की कितीही वैरण घाला, बैल मरतोच, उलट लवकर मरतो. जाड तारेचे थोडे वेढे भरले तर मोटर भन्नाट फिरते पण करंट पिते. वेढे वाढवले तर फिरते सावकाश, पण मोठा पंखा पेलते. म्हणून आधी पंखा ठरवायचा, मग सेल, मग वेढे. तुला हे सगळं पटायचं, पण दम कुठं होता?

"एक सेल वाढव की," तुझं कायमचं पालुपद.

"वाढवला तर पंखा लहान घे."

"लहान घेतला तर वर चढणार कसं?"

"मग वेढे वाढवाय पायजेत. थांब जरा."

"थांब कशाला? एक सेल वाढव की."

आई भाकरी थापता थापता ओरडायची, "आरं, त्या इमानाला तरी इच्चारा त्याला काय पायजे." खरं म्हणजे आपण तेच विचारत होतो.

एका कारखान्यातनं तू बॅटरीवरचं ड्रिल मशीन आणलंस, मोडीत निघालेलं. त्याची मोटर उघडून मी सगळी जुनी तार काढली आणि तुझ्या आठ इंची पंख्याला साजेसे वेढे भरले. सेलही त्याच ड्रिलचे, चांगले चांगले निवडून. पंखा विकतचा, नायलॉनचा. मुंबईहून कुणाकडनं तरी जुना रेडिओ सेट पैदा केलास. ते विमान उडालं. माळाच्या टोकापर्यंत गेलं आणि वळून परत आलं. तू रिमोट माझ्या हातात दिलास, माझ्या बोटांवर तुझी बोटं ठेवलीस आणि म्हणालास, "ओढू नकोस. नुसतं धर." मी नुसतं धरलं. वर आपलं विमान फिरत होतं, त्यातली मोटर माझी होती, आणि तुझ्या बोटांना सागाच्या भुश्याचा वास येत होता. मला वाटलं, आता आयुष्यात दुसरं काही नको.

अण्णांनी ते माळावर येऊन बघितलं आणि त्यांच्या डोक्यात विचार आला. शिरोलीत पंप बनवणारे एक मालक होते. त्यांच्या सगळ्या मोटरींचं वायंडिंग बाहेर द्यायचं चाललं होतं. कारखानदारांचा मेळावा होता, त्यात तुझं विमान उडवून दाखवायचं ठरलं. अण्णा आपल्या दोघांसमोर म्हणाले, "इमान उडालं की मालकास्नी सांगतो, मोटर माझ्या लेकीनं भरलीया. काम मिळालं तर दुकान सुमीचं. तू तुझं शेड सांभाळ." तू मान हलवलीस. "नाद खुळा," म्हणालास. त्या वेळी तू खरंच खूश होतास. नव्हतास असं मी म्हणणार नाही.

मेळाव्यासाठी तुला जादा जोर हवा होता. एक सेल वाढवलास, मी वेढे वाढवून मोटर पुन्हा भरली, आठ इंचाला बरोबर बसेल अशी. टेबलावर बांधून फिरवली, मीटर लावून करंट बघितला. सगळं काठावर होतं, पण काठाच्या आत होतं. आणि आदल्या दिवशी सराव करताना तू विमान दगडावर उतरवलंस आणि नायलॉनचा पंखा मोडलास.

दुसरा मिळणार नव्हता. शेडवर जाऊन तू लाकडाचा कोरलास. सकाळी घेऊन आलास तेव्हा पॉलिशचा वास येत होता. इतका देखणा पंखा मी आजपर्यंत बघितला नाही. मी पिशवीतनं मीटर काढलं. "एकदा टेबलावर फिरवून बघू."

"आता आणि काय बघतीस? आठ इंची मागितलास, आठ इंची हाय. माझ्या मापावर शंका घेतीयास?"

मालक येऊन उभे होते. अण्णा हातानंच लवकर लवकर म्हणून खुणावत होते. पंखा तूच चढवलास, तूच आवळलास.

विमान मात्र झकास चढलं. लोकांनी माना वर केल्या, टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीला आवाज बदलला. तो आवाज दुकानात मी हजारदा ऐकलाय. ओझ्याखाली दबलेल्या मोटरीचा आवाज असतो तो. मी म्हणाले, "दादा, खाली घे." तू म्हणालास, "एक फेरी." मग धूर दिसला, पांढरा, बारीक, आणि विमान शेजारच्या उसात गेलं.

मालक स्वतः उसात शिरले. मोटर अजून चटके देत होती, ती रुमालात धरून त्यांनी नाकाशी नेली. जळक्या वार्निशचा वास लपत नाही. "वायंडिंग कुणाचं?" त्यांनी विचारलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी तुझ्याकडं बघितलं.

"सुमीचं," तू म्हणालास. इथवर खरंच होतं. मग कुणी काही विचारलेलं नसताना पुढं म्हणालास, "वायंडिंगनं मार खाल्ला. पोरगी हाय, शिकंल हळूहळू."

"शिकून झालं की बघू," मालक म्हणाले आणि रुमाल झटकला.

दुकान तुझ्या नावावर झालं. तू तिथं पगारी माणूस बसवलास, शेडही चालू ठेवलंस, आणि त्याच मालकांचं काम पुढं त्याच पगारी माणसाच्या हातनं घेतलंस. माझं लग्न मुरगूडला लावून दिलंत. पंखा उसात पडल्यामुळं शाबूत राहिला होता. तो आणि ती जळकी मोटर मी लुगड्यांच्या घडीत घालून सासरी नेली. बायका माहेरचं काय काय नेतात, मी हे नेलं.

नवऱ्यानं अडवलं नाही. गोठ्याच्या बाजूला पत्रे मारून दिले आणि मी शेतकऱ्यांच्या पंपाच्या मोटरी भरायला लागले. एक मोटर भरली की दुसरी यायची. माझी भरलेली मोटर परत जळून आली नाही, म्हणजे कधीच आली नाही असं नाही, पण वायंडिंगमुळं आली नाही. तरी ती ड्रिलची मोटर डोक्यातनं जाईना. एका उन्हाळ्यात ती परत उघडली. त्याच जाडीची तार, तेवढेच वेढे, तेवढेच सेल. कोल्हापुरातनं नायलॉनचा आठ इंची पंखा मागवला, लावला, फिरवली. हात लावता येईल इतकीच गरम. मग तुझा लाकडी पंखा लावला. मीटरचा काटा वर गेला तो खाली येईना, आणि थोड्या वेळानं तोच वास. बंद केली. दोन्ही पंखे काढून एकावर एक ठेवले. तुझा दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होता. पट्टी लावली तर पाव इंच जादा. पात्याचा पीळही त्याच हिशेबानं जादा.

लोकांना वाटतं पाव इंचानं काय होतंय. पंख्याला होतं. पंख्याची लांबी जरा वाढली की मोटरीवरचं ओझं त्याच्या कितीतरी पट वाढतं, आणि आपली मोटर आधीच काठावर होती. पण मला ओझ्याचं कोडं पडलं नव्हतं, तुझं पडलं होतं. तुझं माप कधी चुकत नसे. डोळ्यानं बघून सूत सांगणारा माणूस तू, पाव इंच कसा चुकशील?

आणि मग उलगडलं. शिरोलीला तुझ्या शेडमध्ये खिळ्याला पट्ट्या लटकत असायच्या. वितळलेला धातू थंड होताना आकसतो; लाकडावरनं आधी ॲल्युमिनियमचा नमुना आणि त्यावरनं पोलाद ओतायचं म्हणजे दोनदा आकसतो, म्हणून लाकडाचा नमुना थोडा मोठा करावा लागतो. दरवेळी आकडेमोड नको म्हणून तुमच्या धंद्यात पट्टीच तशी मिळते, जिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा लांब असतो. ती काँट्रॅक्शनची पट्टी. घरी विमानाचं काही कोरायचास तेव्हा माझी साधी पट्टी घ्यायचास. त्या दिवशी घाईत शेडवर कोरलास, आणि हात सवयीनं खिळ्याकडं गेला. लाकूड काय आकसणार? तुझं माप चुकलंच नव्हतं, दादा. तुझा इंचच लांब होता.

मी पहिल्या एसटीनं शिरोलीला आले. तुझ्यावर डूक धरून आले नव्हते हे तुला माहीत आहे. मला उलट आनंद झाला होता. चूक तुझी नाही, माझी नाही, पट्टीची. मी पंखा तुझ्या बाकावर ठेवला आणि म्हणाले, "मोज." तू खिळ्याची पट्टी काढलीस. बरोबर आठ. मग मी पिशवीतनं माझी पट्टी काढली. तू बघितलंस, एकदम कपाळावर हात मारलास आणि हसायला लागलास. "आयला, काँट्रॅक्शनची पट्टी." मीही हसले. उंदराच्या दिवसानंतर आपण दोघं तसं हसलो ते तेव्हाच.

"चल," मी म्हणाले, "अण्णास्नी सांगू."

तुझं हसू हळूहळू गेलं. "सांगतो की. मी सांगतो," म्हणालास. मग "बघू जरा" म्हणून पंखा हातात घेतलास. वजन घेतोयस असं वाटलं. वळलास, लाकूड चिरायचा बँडसॉ सुरू केलास, आणि एवढा देखणा पंखा पात्यावर धरलास. दोन तुकडे, मग चार. भुश्यात टाकलेस.

"आता हे कशाला जपायचं, सुमे? झालं गेलं. दुकान का आता परत फिरणार हाय?" मशीन बंद करून हात झटकलेस. "चहा घे."

पट्टीची चूक कुणाचीही होते. ती मी त्याच दिवशी तुला माफ केली होती. ते चार तुकडे केलेस त्याला माफी नाही. मेलास म्हणूनही नाही.

अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. मी भेटायला आले की थट्टा करायचे. "काय सुमे, अजून मोटरी जाळतीस काय?" तू उशाशी उभा असायचास, अण्णांचे पाय चेपत असायचास, आणि मिशीत हसायचास. मी तुझ्याकडं बघायची. तू पाय चेपत राहायचास. शेवटी मीच सांगितलं. सगळं, पट्टीसकट. अण्णांनी ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर थोपटलं. "भाऊ हाय तो तुझा. त्याच्यावर घालू नगं." माझ्या तोंडून ते खरं होणार नव्हतं. ते तुझ्याच तोंडून खरं होणार होतं आणि तू पाय चेपण्यात गुंग होतास. सेवा मात्र केलीस, ते नाकारत नाही. बेडपॅन उचललंस, कधी नाक मुरडलं नाहीस. तुझ्यातला चांगुलपणा असा होता की त्याच्या आड काहीही लपवता यायचं.

अण्णांच्या रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर गेलो तेव्हा कावळा शिवेना. नैवेद्य ठेवला होता, कावळे झाडावर होते, बघत होते, खाली एक उतरत नव्हता. नातेवाईक एकेक करून पुढं झाले. आईला सांभाळतो म्हणाले, घर मोडू देत न्हाय म्हणाले. काही नाही. ऊन चढत चाललं. मी तुझ्या शेजारी उभी होते. हळूच म्हणाले, "दादा, आतातरी सांग. त्यांचं त्यातच अडकलंय." तू माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, सांगणार. तू पुढं झालास, हात जोडलेस, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "अण्णा, सुमीनं मोटर जाळली ते मनात ठेवू नका. मी कवाच विसरलोय. तिला काय कमी पडू देत न्हाय."

आणि कावळा उतरला. शिवला. भाताचं शीत घेऊन गेला.

"मन मोठं हाय पोराचं," मागनं कुणीतरी म्हणालं. आई रडत रडत माझ्या पाठीवरनं हात फिरवत होती, जणू आता माझंच काहीतरी सुटलं होतं. तुला त्याच घाटावरनं नदीत ढकलावं असं मला वाटलं. खरंच वाटलं. माणूस गेल्यावर असलं लिहू नये म्हणतात. मग तूही असलं करायला नको होतंस.

त्यानंतर मी दिवाळीला यायची, ओवाळायची, जेवायची आणि जायची. तुझ्याकडची विमानं वाढत गेली. पेपरात फोटो आला. गेल्या वर्षी तू स्वतःच मुरगूडला आलास, मोटरसायकलवर, पिशवीत नवी मोटर घेऊन. ब्रश नसलेली, मुठीत मावणारी. बॅटरी साबणाच्या वडीएवढी. पोरासारखा खूश होतास.

"आता वायंडिंगची भानगडच न्हाय, सुमे. संगट कागद येतोय. कितीच्या बॅटरीला किती इंची पंखा, सगळं छापलेलं."

"मग वाचून तरी लाव," मी म्हणाले.

तू चपापलास. मग जेवलास, खर्डा मागून घेतलास, माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन अर्धी भरलेली मोटर हातात घेऊन फिरवून बघितलीस. "हात अजून सरळ हाय," म्हणालास. निघताना गाडीला किक मारलीस, आणि बंद केलीस. "सुमे, ते..." एवढंच म्हणालास. मी थांबले. तू टाकीवर बोटं वाजवलीस. "ते लाल विमान बघाय ये की एकदा," म्हणालास आणि गेलास.

त्या 'ते' वर मी वर्ष काढलं. मी म्हणायची, आलंय ओठावर. पुढच्या वेळी सांगणार. भले अण्णा नसोत, मला एकटीला सांगितलंस तरी चालेल. मध्ये आई गेली, तेव्हाही भांडले नाही. वाट बघितली. तुझ्या जाण्याचा फोन आला तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हेच, की बोलायचं राहिलं त्याचं.

आल्या दिवशी घरात गर्दी नव्हती तेव्हा फोटोखालच्या लाल विमानाचा पंखा मी टेपनं मोजला. मोटरीसोबतच्या कागदावर छापलेल्या मापाशी सूतभरही फरक नाही. म्हणजे त्या दिवसानंतर तू लांब इंचाची पट्टी पंख्याला लावली नाहीस. शिकलास. माझ्याकडनं शिकलास आणि मलाच सांगितलं नाहीस.

म्हणून मला खात्री होती, दादा. तुझ्या रक्षाविसर्जनाला जाताना मी एकटीच होते जिला पक्कं माहीत होतं की कावळा शिवणार नाही. तुझं माझ्याकडं अडकलंय, जीव घुटमळणार, लोक एकेक नवस बोलणार, दमणार, आणि शेवटी सगळे माझ्याकडं बघणार. तुम्ही काहीतरी म्हणा, म्हणणार. मी ठरवून गेले होते. तोंड उघडायचं नाही. बस तसाच ताटकळत. तू मला ठेवलंस तितका वेळ मी तुला ठेवणार होते.

वहिनीनं केळीच्या पानावर भाकरी, खर्डा, चहाचा कप मांडला. सगळ्यांनी मागं सरकून जागा केली. मी ओठ घट्ट मिटले.

वहिनी अजून पान नीट करत वाकलेली होती, तोवर कावळा आला. तिच्या हाताजवळ उतरला. भाकरी उचलली, खर्ड्यात चोच बुडवली, दुसराही आला. वहिनीला हात मागं घ्यायलाही सवड मिळाली नाही.

"शिवला, शिवला," लोक म्हणाले. लगेच चपला शोधायला लागले. कुणी घड्याळ बघितलं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही, मला काही म्हणायला सांगितलं नाही. मी तोंड मिटून तशीच उभी होते.

"चला वन्सं," वहिनीनं माझा हात धरला. रडत होती, पण तिचा जीव निवला होता. "ह्यांचं काय म्हणून राहिलं न्हवतं."